उताणी चालणारी हुमणी

मे अखेरचे दिवस. कृषी सल्ला केंद्राचं दार उघडायच्या आधीच एक काका डालड्याचा डबा घेऊन पायरीवर बसलेले. डब्यात शेणखत, आणि खतात इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या.

"मॅडम, तुम्हीच फोनवर हुमणी म्हणालात. खड्डा भरलाय नुसता. हे चार ट्रॉल्या खत उसात गेलं तर संपलंच की!"

हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी. म्हणाले होते खरी. व्हॉट्सअ‍ॅपवरचा धूसर फोटो पाहून, दोन मिनिटांत.

अळ्या चहाच्या ट्रेमध्ये ओतल्या. पहिली कुशीवर पडली, थोडी वळवळली, मग चक्क उताणी झाली आणि पाय वर करून पाठीनं सरसर चालायला लागली. मागून दुसरी, तिसरी. माझ्या पोटात गोळा आला. हुमणी अशी चालत नाही. फुलांवरच्या भुंगेऱ्यांची, म्हणजे सेटोनिनी उपकुळाची अळीच पाठीवर चालते.

कपाटातली हुमणीची बाटली शेजारी ठेवली. हुमणीचे पाय लांब, हिचे अगदी आखूड. भिंगाखाली शेवटचा भाग पाहिला: हुमणीची गुदद्वाराची चीर इंग्रजी वाय अक्षरासारखी, हिची आडवी सरळ. नुसत्या आडव्या चिरेवर मात्र विसंबता येत नाही, कारण नारळाच्या गेंड्या भुंग्याच्या अळीचीही तशीच असते आणि तीही खतातच वाढते. पण ती उताणी चालत नाही.

तिन्ही स्कॅरॅबिडी या एकाच कुळातल्या, उपकुळं वेगळी. काही अभ्यासक तर फुलभुंगेऱ्यांना स्वतंत्र कुळच मानतात. काकांना त्याचं काय? "एकाच भावकीतल्या, पण चुली वेगळ्या," एवढंच सांगितलं. हुमणी जिवंत मुळं खाते, ही कुजलेलं खाते.

डब्याच्या तळाशी लिंबाएवढा मातीचा गोळा निघाला. अंगठ्यानं फोडला तर आत तयार भुंगेरा, पावसाची वाट पाहत बसलेला. वरून पाहिलं की मानेमागच्या ढालीच्या आणि पाठीवरच्या कडक पंखांच्या कवचाच्या मधे, खांद्यापाशी एक त्रिकोणी तुकडा दिसतो, ही फुलभुंगेऱ्यांची खूण. कवचाच्या कडेला, खांद्यामागे, खाच. तळहातावर थोडा वेळ ठेवला. अंग तापल्यावर कवच मिटलेलंच ठेवून त्या खाचेतून मागचे पंख बाहेर काढले आणि खिडकीतून गेला. बहुतेक भुंगेरे उडताना कवच उघडतात. यांच्यातले बरेचसे उघडत नाहीत.

"हा काय खातो?" काकांनी विचारलं.

"फुलं, परागकण, पिकलेली फळं. गुलाब असला तर कुरतडेल." साधू आहे असं खोटं कशाला सांगायचं?

"मग खत टाकू?"

"टाका. अळ्या चाळून खड्ड्यातच ठेवा, खत बारीक करतील."

काकांनी पिशवीतून औषधाचं न फोडलेलं पुडकं काढून टेबलावर ठेवलं. "दुकानदार परत घेईना. आता हे तुम्हीच ठेवा."

पुडक्याचे पैसे मी दिले.