ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ट्रॉलीवरची हत्यारं
नवीन माणसाला ट्रॉलीवरची सगळी चकचकीत हत्यारं सेमच वाटतात, पण खरा फरक बघायचा तर मुठीकडे नाही, टोकाकडे बघायचं. ॲलिस या चिमट्याच्या टोकाला बारीक दात, पकड एकदम घट्ट, म्हणून फॅशियासारखं (स्नायूंवरचा पडदा) चिवट काही धरायचं असेल तर तो. आतडं किंवा अपेंडिक्स धरायचंय तर बॅबकॉक चिमटाच, त्याचं टोक गोलसर, बिनदाताचं आणि मधे मोकळं, त्यामुळे आतडं चेंगरत नाही. कोखर चिमटा ज्यांच्या नावाने आहे त्या स्विस सर्जनना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ चं नोबेल मिळालंय, हे कितीतरी ओटीवाल्यांनाही माहीत नसतं.

कात्र्यांचं तर विचारूच नका. मेट्झेनबॉमचे दांडे लांब, पाती छोटी, ती नाजूक टिश्यू सोडवायला, आणि कोणी धागा कापायला ती मागितली की आमच्या सिस्टरांचा पारा चढतो कारण धाग्याने तिची धार जाते, मग "सर, धाग्याची वेगळी आहे" म्हणत सरळ मेयो कात्री हातात ठेवतात, सर गप्प.

हां, मुठीचा एक अपवाद. नीडल होल्डरची (टाक्यांची सुई धरायचं हत्यार) मूठ सोनेरी असेल तर जबड्यात सहसा टंगस्टन कार्बाइड हे फार कडक मटेरियल असतं, सुई घसरत नाही, महाग पण टिकतो. आणि ब्लेड? चाकूच्या ३ नंबरच्या हँडलला १०, ११, १५ नंबरचे बसतात, २० आणि पुढचे ४ नंबरला. टोकदार ११ गळू फोडायला मस्त.