चौऱ्याऐंशी दिवस टिकणारं कारण

'लोकांनी करोनाची लस का घेतली?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: आजार होऊ नये म्हणून. सरकारी फलकावर हे वाक्य छान दिसायचं. पण 2021 मध्ये लसीकरण केंद्राच्या रांगेत प्रत्यक्षात निरनिराळी कारणं उभी होती. कुणाला लोकलचा पास हवा होता, कुणाला नातवाला जवळ घ्यायचं होतं, कुणाच्या मालकाने तंबी दिली होती, तर कुणाच्या वाड्यात एप्रिलमध्ये दोन तिरड्या उठल्या होत्या. रांगेत शिरायला यातलं कुठलंही कारण पुरतं. खरा प्रश्न त्यानंतरचा. माणूस ज्या कारणाने पहिल्या डोसला येतो, ते कारण दुसऱ्या डोसपर्यंत टिकतं का?

आता तारखा बघू. 16 जानेवारी 2021 ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. 1 मार्चपासून साठीच्या पुढचे, आणि 45 ते 59 वयातले पण आधीचा आजार असलेले, असे दोन गट आले. दुसऱ्या गटासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागायचं आणि नुसती 'शुगर आहे' चालत नव्हती. 1 एप्रिलला ती अट गेली आणि 45 वरच्या सगळ्यांना दार उघडलं. 1 मे ला 18 वरच्यांचा नंबर लागला. पण लसच पुरेना, म्हणून महाराष्ट्राने बाराच दिवसांत 18 ते 44 चं लसीकरण थांबवलं आणि तो साठा 45 वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. तरुणांसाठी दार नीट उघडलं ते जूनच्या उत्तरार्धात.

या काळात कोविशील्ड या लसीच्या दोन डोसांमधलं अंतर दोनदा बदललं. सुरुवातीला 4 ते 6 आठवडे, मार्चच्या शेवटी 6 ते 8, आणि 13 मे ला 12 ते 16 आठवडे. कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर, ते 84 दिवस म्हणून बसलं. कोव्हॅक्सिन या दुसऱ्या लसीचं अंतर मात्र किमान 28 दिवसांचंच राहिलं. साठ्याच्या दृष्टीने आणि प्रतिकारशक्तीच्या दृष्टीने लांब अंतर समजण्यासारखं होतं, पण माणसाच्या मनाच्या दृष्टीने ते फार मोठं होतं.

कारण भीती 84 दिवस टिकत नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये बेड आणि ऑक्सिजनसाठी धावपळ चाललेली असताना पहाटे पाचला रांगेत चप्पल ठेवणारा माणूस ऑगस्टमध्ये त्याच केंद्रासमोरून निवांत जायचा. लाट ओसरली होती, केंद्र रिकामं होतं, लसही होती. फक्त त्याचं कारण संपलं होतं. 'पहिला झालाय की, आता काय घाई' हे वाक्य आशाताईंनी दारोदार ऐकलं. याच गळतीसाठी राज्याला 8 ते 14 ऑक्टोबर 2021 मध्ये 'मिशन कवच कुंडल' ही मोहीम काढावी लागली आणि केंद्र सरकारला नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक'.

लोकलवाल्यांचं गणित बरोबर उलटं होतं. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशांना पुन्हा घेतलं, पण दोन्ही डोस आणि दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस ही अट घालून. स्टेशनवर प्रमाणपत्र आणि ओळखपत्र दाखवायचं, शिक्का घ्यायचा, मग मासिक पास. आता हिशोब करा: कोविशील्डचे 84 आणि वरचे 14, म्हणजे 98 दिवस. 15 ऑगस्टला गाडीत चढायचं तर पहिला डोस 9 मे पर्यंत झालेला हवा. कोव्हॅक्सिनचे 28 आणि 14, म्हणजे 42 दिवस. 4 जुलैला सुरुवात केली तरी भागलं. विरार-कल्याणहून रोज येणाऱ्यांपैकी ज्याला हा हिशोब समजला, तो कोव्हॅक्सिनचं केंद्र शोधत फिरला. 'चांगली लस कुठली' हा वाद घराघरात रंगला होता खरा, पण बऱ्याच जणांची निवड कॅलेंडरने केली. आणि या लोकांची दुसऱ्या डोसला गळती जवळजवळ नाही, कारण त्यांचं कारणच दुसऱ्या डोसनंतर सुरू होणार होतं.

परदेशी जाणाऱ्यांनी नेमकी उलटी निवड केली. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती 3 नोव्हेंबर 2021 ला. तोपर्यंत बहुतेक परदेशी विद्यापीठांच्या दृष्टीने कोव्हॅक्सिन घेतलेला विद्यार्थी लस न घेतलेलाच होता. म्हणून त्यांनी कोविशील्ड धरली, तर 84 दिवस आड आले. ऑगस्टच्या शेवटी वर्ग सुरू आणि दुसऱ्या डोसची तारीख सप्टेंबरात. जूनमध्ये सवलत आली: शिक्षण, नोकरी किंवा टोकियो ऑलिंपिकसाठी 31 ऑगस्टपर्यंत बाहेर जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस. सोबत प्रवेशाचं किंवा नोकरीचं पत्र आणि पासपोर्ट. इथे चूक व्हायची ती ओळखपत्राची. पहिल्या डोसला आधार दाखवलेला, त्यावर 'सुनिता', पासपोर्टवर 'सुनीता' आणि मध्ये वडिलांचं नाव. नंतर कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडता येऊ लागला, पण नाव जुळलं नाही तर दुरुस्तीची संधी मोजकीच. ब्रिटनने तर लस मान्य करूनही आपल्या प्रमाणपत्रावर बोट ठेवलं; त्यावर वय होतं, पूर्ण जन्मतारीख नव्हती. ती घातल्यावर ऑक्टोबरात प्रश्न सुटला.

हातावर पोट असलेल्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज झाला. शहरातल्या चर्चेत त्यांना सरसकट 'अफवांना बळी पडलेले' म्हटलं गेलं. अफवा होत्याच. लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो, मूल होत नाही, पाळीच्या पाच दिवस आधी आणि नंतर घ्यायची नाही. यातलं काहीच खरं नव्हतं. पण बिगाऱ्याचा नकार पुष्कळदा अफवेतून येत नव्हता, हजेरीतून येत होता. कोविशील्डच्या पहिल्या डोसनंतर, विशेषतः तरुणांना, त्याच रात्री कणकण, अंगदुखी, ताप येणं नेहमीचं. एक-दोन दिवसांत उतरतो, पॅरासिटामॉल पुरते. पण ते एक-दोन दिवस म्हणजे खाडा. म्हणजे लस फुकट, आणि ताप सातशे रुपयांचा. त्यात नवरा-बायको दोघं एकाच दिवशी टोचून आले तर पोरांना भाकरी कोण घालणार?

अशा घरात साथीच्या लाटेचे आकडे सांगून काही होत नव्हतं. तिथे सांगायचं ते असं: सुट्टीच्या आदल्या दिवशी या, दोघांनी एका दिवशी घेऊ नका, मध्ये चार दिवस ठेवा, उपाशी येऊ नका, पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊनच जा आणि आज रात्री ताप येईल. हे शेवटचं वाक्य आधीच सांगणं फार महत्त्वाचं. आधी सांगितलेला ताप म्हणजे 'लस लागू पडतेय', न सांगितलेला ताप म्हणजे 'सुईने आजारी पाडलं'. एका वस्तीत न सांगता आलेले चार ताप पुढच्या आठवड्याचं अख्खं सत्र रिकामं ठेवू शकतात.

ऊसतोड कामगारांची अडचण आणखी वेगळी. त्यांचा पहिला डोस ऑगस्ट-सप्टेंबरात बीडच्या गावात झाला, आणि दसरा उरकून टोळी कारखान्यावर निघाली. दुसरा डोस देशात कुठल्याही केंद्रावर घेता येत होता, हे खरं. पण त्यासाठी पहिल्या वेळचा मोबाईल नंबर लागायचा. एका नंबरावर चार जणांची नोंदणी चालायची, त्यामुळे नंबर अनेकदा मुकादमाचा, शेजाऱ्याचा किंवा पुतण्याचा. कारखान्यावरच्या केंद्रात दुसरा नंबर दिला की संगणक त्याला नवा माणूस समजायचा आणि पुन्हा 'पहिला डोस' नोंदवायचा. हातात दोन सुया, कागदावर दोन पहिले डोस, आणि 'पूर्ण लसीकरण' शून्य. पुढे अशी दोन प्रमाणपत्रं एकत्र करण्याची सोय कोविनवर आली, पण उसाच्या फडात ती कुणी करायची?

बाटलीचंही एक गणित आहे, ते लोकांना माहीत नसतं. कोविशील्डची बाटली 5 मिलिलिटरची, एकाला 0.5, म्हणजे दहा जण. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरली ती फेकायची. गर्दी होती तेव्हा प्रश्न नव्हता. पण 2022 मध्ये उपकेंद्रात दुपारी तीनच जण आले की परिचारिका बाटली उघडायला धजत नसे. वाया गेलेल्या डोसांचा जाब तिलाच द्यावा लागायचा. मग 'उद्या या'. ज्याचं कारण पक्कं तो उद्या यायचा. ज्याला बायकोने किंवा आशाताईने कसंबसं राजी करून आणलंय, तो परत यायचा नाही. अशा माणसाला एकट्याने पाठवण्यापेक्षा आठ-दहा जणांची टोळी जमवूनच नेलेलं बरं.

बक्षीस आणि बडगा, दोन्ही आपल्याकडे वापरून झाले. चंद्रपूर महापालिकेने फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्हीची सोडत काढली. औरंगाबादमध्ये नोव्हेंबर 2021 मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी लस नाही तर पेट्रोल आणि रेशन नाही असा आदेश काढला. दोन्हींनी रांगा लागल्या. माझ्या मते सोडत निरुपद्रवी, आणि जो आळसाने राहिलाय त्याच्यासाठी उपयोगी. जो घाबरलाय त्याला मिक्सरचं आमिष दाखवलं तर त्याचा संशयच वाढतो, 'एवढं देतायत म्हणजे काहीतरी असणार'. बडग्याचं दुखणं वेगळं. तो लसीची गरज तयार करत नाही, प्रमाणपत्राची करतो. मग 'सुई राहू द्या, तेवढं सर्टिफिकेट द्या' असा सौदा सुरू होतो. कोविनवर मे 2021 मध्येच चार आकडी गुप्त कोड आणावा लागला होता, कारण स्लॉट घेऊन न आलेल्यांच्याही नावावर डोस नोंदले जात होते. त्या चुकीने झालेल्या नोंदी होत्या. बडग्यानंतरच्या बनावट प्रमाणपत्रांना चूक म्हणता येणार नाही.

आणि एक कारण कुठल्याच अर्जावर लिहिलं जात नाही: आपल्यातल्या कुणीतरी आधी घेतली. मुंबईत प्लेगच्या साथीत, 10 जानेवारी 1897 ला शास्त्रज्ञ हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, आणि पुढे इस्माइली खोजांचे धर्मगुरू आगाखान यांनी लोकांदेखत घेतली तेव्हा त्यांचे अनुयायी पुढे आले. 2021 मध्ये पाड्यावर तेच झालं, फक्त आगाखानांच्या जागी भगत, पोलीस पाटील किंवा गावची जुनी दाई. डॉक्टरने घेतली याचं पाड्याला काहीच वाटत नाही, त्याला तर घ्यावीच लागते. दाईने घेतली आणि तिसऱ्या दिवशी ती धान कांडताना दिसली, की काम होतं. तिसरा दिवस महत्त्वाचा. त्याआधी लोक फक्त बघत असतात.

आजी-आजोबांचं कारण मात्र वर्षभर जसंच्या तसं राहिलं: आपल्यामुळे घरातल्या कुणाला त्रास नको. त्यांना दुसऱ्या डोसची आठवण करावी लागत नसे; तारीख त्यांनी कालनिर्णयवर गोल करून ठेवलेली. त्यांची गळती झाली ती चालता येत नसल्याने. जिना, रिक्षा, तासभर रांग, मग सुईनंतर अर्धा तास बसणं. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरी येऊन लस देण्याची सोय मुंबईत जुलै संपता संपता सुरू झाली.

एक साधी गोष्ट फार थोड्या केंद्रांनी वापरली. 84 ला सातने भाग जातो, 28 लाही जातो. म्हणजे पहिला डोस ज्या वारी, दुसऱ्याची तारीखही त्याच वारी. 5 जून 2021 शनिवार. 84 दिवसांनी 28 ऑगस्ट, पुन्हा शनिवार, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी. रविवारी सुट्टी असलेल्या गवंड्याला पहिला डोस शनिवारी दिला, तर दुसऱ्यालाही त्याचा खाडा पडत नाही. बाजाराच्या दिवशी तालुक्याला येणारीला बाजाराच्या दिवशीच टोचलं, तर बारा आठवड्यांनी तिला लसीसाठी वेगळं यावं लागत नाही. कार्डावर 'दि. 28/8' लिहिलेलं कुणी वाचत नाही. 'गोकुळाष्टमीच्या आधीचा शनिवार' एवढं तोंडी सांगितलं की लक्षात राहतं.