खरं इंग्लिश खेडं बघायचंय? मग लॅक्सटनला चला

"लंडन झालं, आता एखादं खरं इंग्लिश खेडं दाखवा," असं आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो. मग मी लॅक्सटनलाच का नेतो, असंही तोच विचारतो. कारण त्याच्या डोळ्यांपुढे गवती छपरं आणि दारावर चढलेले गुलाब असतात, आणि नॉटिंगहॅमशायरमधल्या या गावात दिसतात लाल विटांची साधी घरं, एक चर्च, एक पब आणि जुन्या नॉर्मन गढीचं टेकाड.

पण शेतकऱ्यांची घरं कुठे आहेत ते बघा. गावातच, रस्त्याला लागून. इतरत्र १७५० नंतरच्या शंभरेक वर्षांत संसदेच्या कायद्यांनी मोकळी शिवारं कुंपणं घालून वाटली गेली आणि बरेच शेतकरी आपापल्या सलग जमिनीवर राहायला गेले. लॅक्सटनमध्ये हे पुरतं झालंच नाही. त्यामागे कुणाचं परंपराप्रेम नव्हतं. जमीन मुख्यतः दोन सरदार घराण्यांची होती आणि त्यांचं आपसात जमेना, एवढंच!

म्हणून आजही इथे वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शिवारं आहेत. एकात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा चाऱ्याखाली, आणि दरवर्षी ही पाळी फिरते. प्रत्येकाचे पट्टे तिन्हींत विखुरलेले, मधे कुंपण नाही. मार्क पियर्सने १६३५ साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नांगरणारे, कापणी करणारे, शिकारीला निघालेले लोक इवले इवले रंगवलेत. गावचा रस्ता त्यातही ओळखू येतो.

आता कुंपण नाही म्हटल्यावर शेजाऱ्याचा बांध कोरायचा मोह कुठल्या शेतकऱ्याला होणार नाही? त्यावर इथला इलाज जुना आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावातल्याच शेतकऱ्यांची ज्युरी गव्हाचं शिवार पायी फिरते. चर साफ आहेत का, कुणी वाटेत किंवा गवताच्या सामायिक पट्टीत नांगर घातलाय का, हे बघते आणि हद्दीच्या खुंट्या ठोकते. पुढच्या आठवड्यात डव्हकोट इन या पबमध्ये कोर्ट लीट, म्हणजे जमीनदाराच्या नावाने चालणारं जुनं गावकोर्ट, भरतं, जमीनदाराचा कारभारी अध्यक्षस्थानी बसतो आणि दंड ठरतात. रक्कम किरकोळ असते. चारचौघांत नाव वाचलं जातं, ते जास्त लागतं. १९७७ च्या कायद्याने देशभरातल्या असल्या कोर्टांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्सटनचे तेवढे राहू दिले.

मालक मात्र बदलत गेले. अर्ल मॅनव्हर्सकडून १९५२ साली कृषी मंत्रालयाने गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच मॅनव्हर्स घराण्याच्या वारशाकडे. मला यात थोडी गंमत वाटते, थोडी काळजीही. अरुंद पट्ट्यांत आजची अवजड यंत्रं फिरवणं सोपं नाही, आणि ही पद्धत टिकते ती कसणाऱ्यांच्या खटपटीवर.

चर्च चुकवू नका, आत एव्हरिंगहॅम घराण्यातल्या एका बाईचा लाकडात कोरलेला मध्ययुगीन पुतळा आहे. आणि हिवाळ्यात येणार असाल तर गमबूट आणा. तिथली चिकणमाती बुटाला धरली की सोडत नाही, आणि गाडी माझी असते.