टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या

पोळा होऊन आठवडा झाला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात या दिवसांत बेशुद्ध शेतकरी आला की निदान दारातच ठरतं. २०१७ साली फवारणीने इतकी माणसं गेली, तेव्हापासून दुसरा विचार कुणाला सुचतच नाही. पन्नाशीच्या त्या माणसाला ऑटोतून उतरवलं तेव्हा अंगावर फवारणीचेच कपडे होते. "कपाशीत पंप पाठीवर असतानाच पडले जी," मेहुणा म्हणाला. टॉर्च मारला, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, विषबाधेत होतात तशा. मी विषावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, सांगितलं, सिस्टरने दोन अँप्युल दिलेही.

मग छातीला स्टेथो लावला. छाती कोरडी. विषबाधेत दिसतो तसा तोंडाला फेस नाही, लाळ नाही, स्नायूंची थरथर नाही. औषधाचा वास फक्त शर्टाला. बीपी २३०/१३०. पुन्हा स्वतः घेतलं, तेवढंच.

पापण्या वर धरून बसलो. दोन्ही डोळे झटक्यात खाली गेले, क्षणभर तिथेच राहिले आणि सावकाश मध्यावर परत आले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला आठ वेळा. डोकं डावी-उजवीकडे फिरवलं, तर डोळे खोबणीत चिकटवल्यासारखे डोक्याबरोबरच फिरले. आडवी हालचाल शून्य.

याला ऑक्युलर बॉबिंग म्हणतात. मेंदूविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९६४ साली याचं वर्णन केलं. डोळे आडवे फिरवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात, पॉन्समध्ये असते. वर-खाली फिरवणारी त्याच्या वर, मिडब्रेनमध्ये. पॉन्समध्ये मोठा रक्तस्राव झाला की आडवी हालचाल मरते आणि उभी तेवढी शिल्लक राहते. बाहुल्या मोठ्या करणारे सिम्पथेटिक तंतूही तिथूनच खाली उतरतात. ते तुटले की बाहुल्या फवारणीच्या विषबाधेसारख्याच बारीक होतात. हे सगळं टॉर्च आणि दोन बोटांनी कळतं, सीटी स्कॅन नसलेल्या गावातही. पण पापणी उघडून मिनिटभर पाहायची सवय आम्हा डॉक्टरांची सुटत चालली आहे, याचा मला राग येतो.

"डोळे हलून राह्यले सायेब! शुद्धीवर येऊन राह्यले," मेहुणा पायाशी उभा राहून म्हणाला. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

अ‍ॅट्रोपिन थांबवलं, श्वासनलिकेत नळी टाकली, १०८ बोलावली. यवतमाळला फोन केला तर पलीकडचा ज्युनिअर म्हणाला, "सर, या सीझनला पिनपॉइंट बाहुल्या म्हणजे फवारणीच." मी रेफर चिठ्ठीवर ठळक लिहिलं: पॉन्समधील रक्तस्रावाची शंका, विषबाधेची लक्षणं नाहीत. सीटीत तेच निघालं. तिसऱ्या दिवशी तो गेला. घरचे नंतर म्हणाले, बीपीची गोळी महिनाभरापासून बंद होती. उपकेंद्रात साठा नव्हता आणि बाजारातून आणायची तर आधी फवारणीचं औषध आणावं लागत होतं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको आली. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, मृत्यूचा दाखला आणि आमच्या केसपेपरची झेरॉक्स. फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाला तर शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात. नैसर्गिक मृत्यूला काही नाही. "फवारनी लिहून द्या ना जी," ती म्हणाली. मी समजावलं, मेंदूत रक्त साकळलं होतं, विष नव्हतं. तिने शांतपणे ऐकलं.

मग झेरॉक्सवर बोट ठेवून म्हणाली, "पन तुमीच तर पयले विषाची सुई देल्ली होती ना, सायेब?"

होय, दिली होती. माझ्याच अक्षरात, वेळेसकट लिहिलेलं आहे, आणि त्याखाली चार ओळींवर डोळ्यांचं. मी दाखला बदलला नाही. तिने कागद पुन्हा पिशवीत नीट घातले आणि चारची एसटी धरायला निघाली.