तुळजापूरच्या पुढे

तुळजापूरपर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ. दरवर्षी जातो, मी मागच्या सीटवर, मांडीवर जेवणाचा डबा. देवीचं दर्शन, येताना उजनीची बासुंदी, की परत लातूर. यंदा श्रावणात म्हटलं, पुढं नळदुर्गला जायचं, तेही एकटीनं. "तिथं काय आहे एवढं?" घरातून विचारणा झाली. मला तरी कुठं माहीत होतं!

२०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी बायकांनी गच्च. औसा यायच्या आत शेजारच्या आजींनी माझी सगळी कुंडली काढली.

"एकट्याच चाललाव? मालक कुठंयत?"

"घरी."

"आजारी हायत का?"

"नाही."

आजींनी मला जरा निरखलं आणि पिशवीतून मूठभर भाजक्या शेंगा काढून दिल्या.

तुळजापूरला गाडी बदलली. देवीला स्टँडवरूनच हात जोडले, येताना येते म्हटलं.

नळदुर्गच्या किल्ल्यातच बोरी नदीवर बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. आत उतरायचा जिना अंधारा, पायऱ्या ओल्या. अंधाराशी माझं कधीच जमलं नाही. घरात लाइट गेली तरी आधी कुणाला तरी हाक मारते. इथं कुणाला मारणार? भिंतीला हात लावून, पायानं पायरी चाचपत उतरत राहिले. नाकात वटवाघळांचा वास. मग एकदम उजेड, दगडी खिडकी आणि खिडकीसमोरून कोसळणारं पाणी. डोक्यावरून नदी चाललीय आणि माझा पदर कोरडा! त्या गवंड्यांना मनोमन दंडवत घातला. मग खिडकीतून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत भिजवला आणि मोठ्यानं हसले. आवाज घुमला, म्हणून पुन्हा हसले. किती वेळ तिथं उभी होते कोण जाणे. "चला, उशीर होतोय" म्हणायला कुणी नव्हतं.

उपळ्या बुरुजावरही चढले. वर लांबलचक तोफ आणि असा वारा की तोफ बघावी का पदर सावरावा!

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडजवळ भजी खाल्ली. घरी तळते, पण गरम माझ्या वाट्याला क्वचितच येतात. दुसरी प्लेट मागवली. मग चौकशीच्या खिडकीत विचारलं, "परंड्याच्या किल्ल्याला जायला गाडी आहे का हो?"

"थेट न्हाई मावशी. बार्शीला बदलावी लागंल."

बदलू की.