गुडघ्याचं ऑपरेशन दीड तासात झालं, "दोन वर्षांपासून" हे दोन शब्द खोडायला चार महिने लागले

मी सेलूचा, परभणी जिल्हा. खत-बियाण्याचं दुकान आहे. लहानपणापासून शूटिंग व्हॉलीबॉल खेळतो, आमच्याकडं गावोगावी त्याच्या टुर्नामेंट असतात माहितीच असंल. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी शाळेच्या ग्राउंडवर नेटजवळ उडी मारली, खाली येताना डावा पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला आणि अंग उजवीकडं वळलं. आतून "खट्" असा आवाज आला, तो मला ऐकू आला आणि बाजूच्या गड्यालापण. कुणाचा धक्का नाही, कुणावर पडलो नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं सगळं रामायण यावरच झालं.

दोन तासात गुडघा नारळाएवढा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, हाड शाबूत म्हणले, क्रेप बँडेज बांधलं आणि गोळ्या दिल्या. एक्स-रेमधी हाडं दिसतात, लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा) आणि गादी (दोन हाडांमधली कूर्चा) दिसत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळं "नॉर्मल आहे" ऐकून मी निवांत झालो. सूज पंधरा दिवसात उतरली पण चालताना वळलो की गुडघा निसटायचा, दुकानाच्या पायरीवर दोनदा खाली बसलो. तीन आठवड्यांनी परभणीला हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढली. उजव्या पायाला एका जागी गच्च थांबा लागतो, डाव्याला थांबाच लागंना. एमआरआयच्या आधीच म्हणले, एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, गेलंय. एमआरआयमधी तेच निघालं, शिवाय आतल्या बाजूची गादी फाटलेली.

संभाजीनगरला एका मोठ्या हॉस्पिटलमधी ऑपरेशन ठरलं, मार लागल्याला तोवर दोन महिने झालते. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, दुर्बिणीतून झालं, त्याच पायाच्या मांडीमागच्या स्नायूंच्या दोऱ्या (टेंडन) काढून नवीन लिगामेंट केलं, गादीला टाके घातले, तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन बाथरूमला गेलो. डॉक्टर देवमाणूस.

आता इन्शुरन्स. माझी पॉलिसी १४ महिन्यांची. तिच्यात एक यादी असते, त्या यादीतल्या आजारांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, आणि माझ्या पॉलिसीत त्या यादीत गुडघ्याचं लिगामेंट होतं. पण त्याच्याच खाली लिहिलेलं असतं की अपघातानं झालं असंल तर ही अट लागू नाही. म्हणजे सगळा प्रश्न एकच, हे झिजून झालंय का मार लागून झालंय.

अॅडमिट झालो त्या दिवशी कॅशलेसची, म्हणजे बिल इन्शुरन्सवाल्यांनी थेट हॉस्पिटलला द्यायची, फाईल गेली. विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यायचा असतो. तासाभरात उत्तर आलं खरं, पण ते उत्तर म्हणजे क्वेरी होती: "पेशंटला दोन वर्षांपासून त्रास असल्याचं नोंदीत आहे, जुने कागद द्या." मी दाजींना म्हणलं, कोणती दोन वर्षं? दाजींनी फाईल मागून बघितली तर अॅडमिशनच्या टाईप केलेल्या कागदावर लिहिलेलं, डाव्या गुडघ्यात दुखणं, दोन वर्षांपासून. डॉक्टरांच्या हातच्या ओपीडी कागदावर दोन महिने होतं. टाईप करणाऱ्यानं महिन्याचं वर्ष केलं आणि खाली नातेवाईक म्हणून दाजींचीच सही, रात्री साडेदहाला घाईत घेतलेली.

दाजींना मी काहीच बोललो नाही, त्यांनीच सोयाबीनचे पैसे काढून १ लाख ४५ हजार भरले. कॅशलेस नाकारलं, "नंतर क्लेम करा" म्हणले. पण ज्यांना ज्यांना मी भेटलो त्यांना एक सांगतो, अॅडमिशनचा कागद वाचल्याशिवाय सही करू नका, आणि त्यात फक्त दोन गोष्टी बघा, कधीपासून आणि कशामुळं.

मग तो शब्द बदलायच्या मागं लागलो. पहिल्यांदा दाजी गेले, मी अजून अंथरुणावर होतो. काउंटरवरची मॅडम म्हणली, सिस्टीममधी लॉक झालंय, डिस्चार्जनंतर बदलता येत नाही. दुसऱ्यांदा मी स्वतः गेलो, पायाला लांब ब्रेस, रेल्वेत पाय वाकवता येईना म्हणून सेलूपासून परतूर, जालना करत पार संभाजीनगरपर्यंत पाय समोरच्या सीटवर ठेवून बसलो, लोक येता-जाता ठेचाळत होते. तिथं गेल्यावर कळलं डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनमधी, भेटणार नाहीत. काउंटरवरच्या पोरानं पेनानं "वर्ष" खोडून "महिने" लिहिलं आणि म्हणला, झालं काका. मी ते पाठवून दिलं. आठ दिवसांनी क्वेरी आली, कागदात खाडाखोड आहे, मान्य नाही.

तिसऱ्या खेपेला मी ठरवून गेलो की मिटल्याशिवाय उठायचं नाही. सकाळी ओपीडी उघडायच्या आधी बसलो, दुपारी तीनला डॉक्टर भेटले. त्यांना तर हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटलं कॅशलेस झालं. मी दुसऱ्या क्वेरीचा कागद दाखवला, त्यात खाडाखोडीशिवाय हेही विचारलेलं होतं: कुणाची धडक नाही, पडल्याची नोंद नाही, एमएलसी (हॉस्पिटलनं पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) नाही, मग अपघात कसा? आणि गादी वयानं फाटली असू शकते.

डॉक्टर तो कागद वाचून दोन मिनिटं गप्प बसले. मग टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा पुढं ओढून मला समजावून सांगितलं, आणि ते मी इथं लिहितोय कारण हेच नंतर त्यांनी पत्रात लिहिलं आणि त्यावरच काम झालं.

गुडघा नुसत्या बिजागरीसारखा पुढं-मागं होत नाही. पाय पूर्ण सरळ करताना शेवटी नडगी थोडी बाहेर वळते आणि सांधा लॉक होतो, म्हणून आपण मांडीला फार ताण न देता तासन्‌तास उभं राहू शकतो. दोन बाजूंना दोन लिगामेंट, आणि आत दोन, एकमेकांवर फुली मारल्यासारखी. त्यातलं पुढचं एसीएल, ते नडगीला पुढं सरकू देत नाही आणि वळताना आवरून धरतं. पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलं की सगळा पीळ त्याच्यावर येतो. बहुतेक एसीएल असंच तुटतं, कुणी न धडकता. म्हणजे धडक नाही म्हणून अपघात नाही, हे म्हणणंच चूक.

आणि ते कधी तुटलं याचा पुरावा एमआरआयमधीच होता. एसीएल तुटतं त्या क्षणी नडगी पुढं घसरते, आणि मांडीच्या हाडाची बाहेरची बाजू नडगीच्या मागच्या काठावर आदळते. त्या जागी दोन्ही हाडांच्या आत मुका मार उमटतो. एक्स-रेत तो दिसत नाही, एमआरआयमधी दिसतो, आणि काही महिन्यांत विरून जातो. माझ्या एमआरआयच्या रिपोर्टात तो लिहिलेला होता. दोन वर्षांपूर्वीचं असतं तर तो राहिलाच नसता. गादीचं पण तसंच, झिजून फाटते ती बहुतेक आडवी, थराथरानं फाटते, माझी उभी चिरली होती, आणि बाहेरच्या कडेला जिथं रक्तपुरवठा असतो तिथं, म्हणून तर टाके घालता आले. आतल्या कडेला रक्त पोचत नाही, तिथं टाके धरत नाहीत. आणि दोन तासात आलेली सूज म्हणजे सांध्यात झालेला रक्तस्राव, झिजलेला गुडघा असा दोन तासात फुगत नाही.

मी हे ऐकताना माझ्या डोळ्यात पाणी आलं. चार महिने मला कुणीतरी खोटं ठरवत होतं आणि माझ्याच गुडघ्यात सगळी साक्ष लिहून ठेवलेली होती.

डॉक्टरांनी रेकॉर्ड विभागात फोन केला. तिथल्या एका वयस्कर मावशींनी खरी गोष्ट सांगितली, त्या पहिल्या दिवशी भेटल्या असत्या तर तीन खेपा वाचल्या असत्या. जुना कागद बदलत नाहीत, बदलायचा पण नसतो. वेगळं सुधारणा पत्र घ्यायचं, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर, डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर आणि तारीख. त्यात चुकीचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं आणि खाली बरोबर काय ते. अॅडमिशनचा कागद आणि डिस्चार्ज कार्ड दोन्हीचा उल्लेख पाहिजे, एकात सुधारलं आणि दुसऱ्यात तसंच राहिलं तर परत क्वेरी. एमएलसी नसंल तर खेळताना गुडघा मुरगळला, दारू घेतलेली नव्हती, असं स्वतःचं निवेदन आणि डॉक्टरांचा दाखला जोडायचा. आमच्या ग्राउंडवरच्या दोघांनी पण लिहून दिलं.

यासोबत मी गावातल्या डॉक्टरांचा पहिल्या दिवशीचा कागद लावला, ज्याच्यावर तारीख आणि "खेळताना मुरगळला" लिहिलेलं होतं. तो मेडिकलच्या पिशवीत चुरगळून पडला होता, बायकोनं शोधून काढला. पहिल्या दिवशीचा कागद जिवापाड जपा, सूज आलेल्या गुडघ्याचा मोबाईलमधी फोटो काढून ठेवा, फोटोसोबत तारीख राहते. आणि विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकता येते, मी टाकली, त्यानंतर निदान फोन उचलायला लागले. ती मी पहिल्या नकारानंतरच टाकायला पाहिजे होती.

१९ दिवसांनी पैसे आले, हातमोजे-बँडेजसारख्या वस्तूंचे ९ हजार कापून. दाजींना त्याच दिवशी दिले.

या सगळ्या धावपळीत व्यायाम मागं पडला याचं मला जास्त वाईट वाटतं. पहिले सहा आठवडे ९० अंशाच्या पुढं वाकवायचा नव्हता कारण गादीला टाके, पण सरळ मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण करायचा असतो. मी दुखतंय म्हणून गुडघ्याखाली उशी घ्यायचो, फिजिओ मॅडम चिडल्या, उशी टाचेखाली घ्या म्हणल्या, गुडघा लोंबकळू द्या. वाकलेला गुडघा वाकलेलाच आखडतो. मांडी पण लई वाळली, दोन्ही मांड्या टेपनं मोजल्या तर तीन सेंटीमीटरचा फरक. सुजलेल्या गुडघ्यात मेंदू मांडीचा स्नायू बंद करून ठेवतो म्हणे, म्हणून सूज उतरवणं हाच पहिला व्यायाम, बर्फ कपड्यात गुंडाळून. आता फरक एक सेंटीमीटरवर आलाय. उडी मारायला नऊ महिने पूर्ण होऊ द्या म्हणलेत, मी थांबणार आहे.

ऑपरेशनच्या आधी घरात खुर्चीचं कमोड आणून ठेवा, भारतीय संडासात कित्येक महिने बसता येत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, डिस्चार्जच्या रात्री पळापळ झाली. आणि एमआरआयचा नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका, फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या. इन्शुरन्सवाल्यांच्या डॉक्टरनं शेवटी सीडीच मागितली होती आणि मी ती दुकानाच्या गल्ल्यात ठेवलेली होती.