लय निम्मी करू का?

माझी एक विद्यार्थिनी गेल्या महिन्यात पुण्याला स्पर्धेत गायला गेली होती. हमीर राग गायली, विलंबित तिलवाडा तालात, आमच्या ग्वाल्हेर घराण्याच्या रीतीने. परीक्षकांनी तिला तीन-चार गोष्टी सांगितल्या: लय चढी आहे, आवाज मुलायम लाव, अंतरा (बंदिशीचा दुसरा, वरच्या सुरांत जाणारा भाग) इतक्या लवकर घेऊ नकोस, आणि अंतऱ्याचे शब्द कळत नाहीत. परत आल्यावर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या खोलीत तानपुरा जुळवता जुळवता तिने विचारलं, "ताई, पुढच्या वेळी लय निम्मी करू का? सगळे तसंच गातात."

मी नाही म्हटलं. तिच्यापुढे ते नीट मांडता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, झाली की लगेच अंतरा. पाहुण्याला आधी सगळं घर दाखवावं आणि मग एकेका खोलीत निवांत बसावं, तसं. रागाचं पूर्ण रूप सुरुवातीलाच समोर येतं, मग आलाप, सूर घोळवत केलेले बहलावे, बंदिशीचे शब्द घेऊन केलेल्या बोल-ताना, वरून खाली थेट उतरणारी सपाट तान. या सगळ्याला तिलवाड्याच्या सोळा मात्रा एका ठरावीक चालीत लागतात. ती चाल निम्मी केली की शब्दाशब्दांत एवढी पोकळी पडते की बोलअंगाचा, म्हणजे शब्द धरून गाण्याचा, जीवच जातो. म्हणजे ती नुसती लय बदलणार नव्हती, तिला गाणंच दुसरं घ्यावं लागलं असतं.

अतिविलंबित मला मनापासून आवडतं, हेही सांगते. इंदूरचे उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) मी तासन् तास ऐकते. सारंगियाचा मुलगा, मेरुखंडाची, म्हणजे सुरांच्या क्रमाची पद्धतशीर अदलाबदल करण्याची, तालीम घेतलेला. झुमरा तालाच्या चौदा मात्रा ते इतक्या सावकाश चालवत की सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे गेली असं वाटावं, आणि विलंबितात कित्येकदा अंतरा गातच नसत. पण ती संथ चाल त्यांच्या खर्जातून, म्हणजे खालच्या भारदस्त सुरांतून, त्यांच्या स्वभावातून आलेली आहे. सुराला सूर जोडत जाण्याची त्यांची जी पद्धत होती, तिला तेवढा वेळ हवाच होता. आज पुष्कळ तरुण गायक त्यांची लय घेतात आणि मधली जागा भरायला त्यांच्याकडे काही नसतं. मला ते ऐकताना वाईट वाटतं, कारण त्यातल्या काहींचे गळे इतके चपळ असतात!

माझा स्वतःचा आवाज रुंद आहे, खुला आहे. मी काळी तीनला गाते, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला षड्ज धरून. बाईचा आवाज त्याहून उंच, काळी पाचला हवा, थोडा बारीक कर, असं मला वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. गुरुजींनी मात्र कधी तसं सुचवलं नाही. सकाळी तोंड पूर्ण उघडून आकार, म्हणजे 'आ' चा सूर, लावायला लावायचे आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला की मगच पुढे. त्या आकारामुळेच आज तार षड्जावर उभं राहताना मला कुणाचीही भीती वाटत नाही. माझ्या मुलीसारख्या या पोरीने ती ताकद मुलायमपणासाठी देऊन टाकावी, हे मला सहन होणार नाही.

आणि पुण्याला ही गायकी परकी थोडीच आहे? महाराष्ट्रात ख्याल रुजवला तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, आणि त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी हे आमच्या ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँचे शिष्य.

परीक्षकांचं शेवटचं म्हणणं मात्र अगदी बरोबर होतं. मी तिचं रेकॉर्डिंग ऐकलं, अंतऱ्यात वर गेली की ती व्यंजनं गिळते. हा दोष कुठल्याही घराण्यात दोषच. सध्या ती रोज हमीरचा अंतरा आधी ताल न धरता नुसता वाचते, मग त्याच उच्चारांनी गाते. पुढची स्पर्धा डिसेंबरात आहे. हमीरच, तिलवाडाच, आणि लय जी आहे तीच.